वीस मिनिटांचा हिशेब

सॉसेजचं वरचं आवरण चिरून आतलं मांस कढईत मोकळं करायचं, खरपूस परतायचं, त्यात क्रीम आणि किसलेलं चीज घालायचं, उकडलेला पास्ता त्यात ढवळायचा आणि ताटात वाढायचा. कामाच्या दिवशी रात्री आठला सुरू केलेलं हे जेवण साडेआठच्या आत तयार असतं, पोटभर होतं आणि मुलं ते कुरकुर न करता खातात. तरीही वाढणाऱ्याच्या तोंडी बहुधा एक सबब असते: आज उशीर झाला, म्हणून हेच केलं. खाणाऱ्यांत एखादा जाणकार निघालाच, तर इटलीत असं कुणी करत नाही, एवढं ऐकवून तो मोकळा होतो. झटपट झालेला पदार्थ कमी कष्टाचा आणि म्हणून कमी मोलाचा, हे गणित दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मला ते मुळातच चुकलेलं वाटतं. वीस मिनिटं हा या पदार्थाला लागलेला सगळा वेळ नव्हे, तो फक्त शेवटचा हप्ता आहे. आधीचे हप्ते दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या गावात, कित्येक महिने आधी भरलेले असतात. ते मोजले तर या कढईतलं जेवण पुरणपोळीइतकंच वेळखाऊ ठरेल. फरक एवढाच, की तो वेळ आपल्या ओट्यावर गेलेला नसतो.

पास्त्यापासूनच सुरुवात करू. नेपल्सच्या दक्षिणेला, लात्तारी डोंगरांच्या पायथ्याशी ग्रान्यानो नावाचं गाव आहे. समुद्राकडचा दमट वारा आणि डोंगरावरून उतरणारा वारा तिथे एकत्र येतात, आणि गावाचा मुख्य रस्ता एकोणिसाव्या शतकात वाऱ्याचा विचार करूनच आखला गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर मॅकरोनीच्या लांब नळ्या वाळत घातल्याची जुनी छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. जाड पिठाची नळी वाळवणं हे नाजूक काम. मळलेल्या पिठात साधारण तीस टक्के पाणी असतं, आणि इटालियन कायद्याप्रमाणे वाळलेल्या पास्त्यात ते साडेबारा टक्क्यांच्या वर चालत नाही. हे पाणी घाईने काढलं तर वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, नळीला तडे जातात आणि उकळत्या पाण्यात पडल्यावर तिचे तुकडे होतात. म्हणून कारागीर आधी वाऱ्यावर बाहेरचा थर जरासा कडक होऊ देत. मग माल थंड, दमट जागी नेऊन ठेवत, म्हणजे आतली ओल बाहेरच्या थराकडे सरके. त्यानंतर पुन्हा हवेशीर जागेत तो सावकाश सुकवत. हवामान पाहून या सगळ्याला कित्येक दिवस लागत, थंडी-पावसात आठवडेही जात. आज कुठे थांबायचं आणि उद्या कुठून सुरू करायचं, हे ठरवणारा माणूस आभाळ वाचणारा असावा लागे. पुढे गरम हवेची यंत्रं आली आणि स्वस्त मालाचं वाळवणं काही तासांवर आलं. तरी नाव राखून असलेले कारखाने आजही कमी तापमानावर एक-दोन दिवस खर्च करतात. ग्रान्यानोच्या पास्त्याला २०१३ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या पातेल्यातली नळी दहा मिनिटांत, न फुटता आणि न लिबलिबता शिजते, याचं एक कारण हे जपून वाळवणं आहे.

वाळवणं घालणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात शेवया, कुरडया, सांडगे, पापड करून डबे भरले, की पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी शेवयांचा उपमा पंधरा मिनिटांत होतो, आणि त्या पंधरा मिनिटांना कुणी आळस म्हणत नाही. एप्रिलमधली पहाट, गच्चीवरचं ऊन, गहू भिजवून चीक काढणाऱ्या शेजारणी, हे सगळं त्या उपम्यात जमा आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शेवई केसासारखी बारीक, म्हणून ती कडक उन्हात चटकन वाळते. नेपल्सची नळी जाड, म्हणून तिला सावली आणि वारा लागतो. तंत्र वेगळं, हेतू एकच. पिठल्याचंही तसंच. हरभरा पिकला, त्याची डाळ झाली, डाळीचं पीठ झालं, म्हणून रात्री नऊला आलेल्या पाहुण्यापुढे पिठलं-भात मांडता येतो. आपल्या डब्यातलं साठवण आपण कष्ट म्हणून ओळखतो. दुकानातल्या पाकिटातलं तेच साठवण मात्र शॉर्टकट वाटतं, कारण त्यामागचे हात आपण पाहिलेले नसतात. इथे एक आक्षेप हमखास येतो, की पास्ता म्हणजे निव्वळ मैदा. बाजारातल्या काही स्वस्त पाकिटांबाबत तो खरा आहे, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. पण इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच असावा असं ठरवलं, आणि ड्यूरम आपल्याला परका नाही. रव्यासाठी आणि शेवयांसाठी जुन्या बायका मुद्दाम मागून घ्यायच्या तो बन्सी गहू याच जातीचा. कडक, पिवळसर, भरपूर प्रथिनांचा. किंचित कणी ठेवून शिजवलेला असा पास्ता पांढऱ्या पावापेक्षा पोटात सावकाश पचतो.

आता सॉसेज. उंब्रिया प्रांतातलं नोर्चा हे डोंगराळ गाव डुकराच्या मांसाच्या कसबासाठी इतकं नावाजलेलं, की इटलीत अशा दुकानांना त्या गावावरूनच ओळखतात. तिथले कसबी पूर्वी थंडीच्या दिवसांत डोंगर उतरून रोमपर्यंत, तोस्कानापर्यंत जात, घरोघरची डुकरं कापून, मांस मिठात मुरवून, सॉसेज आणि हॅम करून देत आणि थंडी सरली की परतत. थंडीतच, कारण मांसाला टिकायला गारवा हवा. या गावाच्या नावाचा पास्ता आज इटलीभर मिळतो. त्यात सॉसेज, क्रीम, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, आणि ऐपत असेल तर वरून काळं ट्रफल. म्हणजे ज्या पदार्थाला आपण आठवड्यातल्या घाईची तडजोड समजतो, तो जवळजवळ जसाच्या तसा उंब्रियात मानाने वाढला जातो. सॉसेजचा खरा गुण त्याच्या मुरण्यात आहे. मांस कुटताना त्यात साधारण चौथा हिस्सा चरबी राहते. सुमारे दोन टक्के मीठ पडतं, ते मांसातली प्रथिनं सैल करून सगळं एकजीव करतं. मिरी, लसूण, दक्षिणेकडे बडीशेप. हे सगळं रात्रभर आत जातं. साध्या खिम्यात हीच चव आणायची तर वाटण, मुरवण आणि मंद आच मिळून दीड तास सहज जाईल. सॉसेजमध्ये तो दीड तास आधीच भरलेला असतो, आपल्याला फक्त त्याला आठ मिनिटं चांगली आच द्यायची असते. बडीशेपेचा तो वास इटालियन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथल्या किराणा दुकानांत इटालियन सॉसेज म्हणजे बडीशेपेचंच असा रिवाज पडला. अमेरिकन घरांतला मंगळवार-बुधवारचा पास्ता त्यावरच उभा आहे.

गोव्याने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. तिथे गारवा नाही, दमट हवा आहे आणि चार महिने न थांबणारा पाऊस. पोर्तुगिजांबरोबर आलेली सॉसेजची कल्पना तिथे मिठावर आणि थंडीवर टिकली नसती. म्हणून डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ लावून सुकवायचे, लाल मिरच्या, आलं, लसूण आणि मसाला माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यात मुरवायचे, आतड्यात भरून दोऱ्याने गाठी मारत माळ करायची आणि उन्हात किंवा चुलीच्या धुरावर टांगायची. हे चोरीस पावसाळ्याची बेगमी होती. मे महिन्याच्या अखेरीस मडगावात पुरुमेंताचं, म्हणजे बेगमीचं, फेस्त भरतं. सुकी मासळी, मिरच्या, कोकमं, खारवलेल्या कैऱ्या यांच्या बरोबरीने तिथे ही माळही विकली जाते. चोरीस पास्त्यात घालायची कल्पना नवी असली तरी बेगमीचा तर्क जुनाच आहे, आणि पदार्थ म्हणूनही ते जमतं. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चोरीस आपलं तेल स्वतःच सोडतं, वरून तेल आणि मीठ घातलं की पदार्थ हाताबाहेर जातो. दुसरी गोष्ट व्हिनेगरची. आंबटपणाने दूध फाटतं, पण स्निग्धांश जास्त असलेलं क्रीम सहसा फाटत नाही. तेव्हा क्रीमऐवजी दूध वापरून पैसे वाचवायचा विचार इथे तरी सोडून द्यावा.

वेळ साठवण्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण मात्र चीज. पार्मिजानो रेज्जानोचा एक चाकासारखा गोळा साधारण चाळीस किलोचा असतो आणि त्यासाठी पाचशे लिटरहून जास्त दूध लागतं. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढायची, सकाळचं ताजं दूध त्यात मिसळायचं आणि मग विरजण. पुढे किमान बारा महिने तो फळीवर पडून असतो, बऱ्याचदा दोन वर्षं. एवढा काळ पैसा अडकवून ठेवणं छोट्या चीजवाल्याला परवडत नाही. म्हणून एमिलिया प्रांतातल्या क्रेदेम या बँकेने १९५३ पासून चीजचे गोळे तारण ठेवून कर्ज द्यायची प्रथा पाडली. बँकेची मोठी वातानुकूलित कोठारं आहेत, त्यांत लाखो गोळे रचलेले असतात, ठरावीक काळाने ते फिरवतात, पुसतात, हातोडीने ठोकून आतून पोकळ तर नाही ना ते तपासतात. सोन्याचं तारण नुसतं पडून असतं, हे तारण तिजोरीत पडल्या पडल्या महाग होत जातं. नुसत्या वाट पाहण्याला बाजारात भाव असतो, याचा इतका रोखठोक पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. त्या गोळ्यातला ओंजळभर कीस आपण कढईत टाकतो तेव्हा बारा-चोवीस महिन्यांची परिपक्वता दहा सेकंदांत विरघळते, आणि पदार्थाला जी गोलाई येते ती आपली हातोटी आहे असं आपल्याला वाटतं.

तरी हातोटी अगदीच नसते असं नाही. शेवटच्या हप्त्यात एक घोटाळा हमखास होतो. चीज एकजीव व्हायच्या ऐवजी रबरी गोळे होऊन चमच्याला चिकटतं आणि तूप सुटल्यासारखा तेलाचा तवंग वेगळा दिसू लागतो. दोष आचेचा. चीजमधली प्रथिनं साधारण पासष्ट अंशांच्या पुढे एकमेकांना धरून गाठी करतात. पास्ता उकडलेल्या पाण्यातला स्टार्च मध्ये आला तर ती धरू शकत नाहीत. पेकोरिनो आणि मिरीच्या रोमन पास्त्यावर काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी यासाठी रीतसर प्रयोग केले आणि चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असला की गाठी होत नाहीत असं दाखवलं. २०२५ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल त्यांना मिळालं. हसू आणणारं पारितोषिक असलं तरी काम चोख आहे. घरातल्या कढईसाठी त्याचा अर्थ सोपा. चार माणसांना चारशे ग्रॅम पास्ता, जवळपास तेवढंच सॉसेज, अर्धी वाटी क्रीम आणि शंभर ग्रॅम चीज धरलं, तर निथळण्यापूर्वी पास्त्याचं गढूळ पाणी वाटीभर काढून ठेवावं. सॉसेज हलवत न बसता तळाला लागू द्यावं, कारण चव त्या तपकिरी खरपुडीत आहे. मग त्या पाण्याने ती खरपुडी सोडवून घ्यावी, क्रीम घालून पास्ता ढवळावा आणि गॅस बंद केल्यावर चीज थोडं थोडं घालावं. क्रीम आणि स्टार्च दोघं मिळून सांभाळून घेतात, म्हणून नवशिक्याच्या हातूनही हा पदार्थ सहसा बिघडत नाही. दिवसभर दमून आलेल्या माणसाला जेवणाने दिलेला एवढा भरवसा पुरे.

अस्सलपणाचा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही, म्हणून तो लवकर निकालात काढतो. जर्मन कवी गटेने १७८७ मध्ये नेपल्समधली मॅकरोनी पाहिली ती साध्या पाण्यात उकडलेली, वरून किसलेलं चीज घातलेली, स्वस्त आणि हरघडी मिळणारी. तूप आणि मसाला या दोघांचं काम चीजच करतं, असं त्याने नोंदवलं आहे. टोमॅटोची आणि पास्त्याची गाठ पडली ती त्यानंतर. म्हणजे पास्ता आणि चीज हीच जोडी थोरली, आणि ती रस्त्यावरची, घाईची होती. जिच्यात क्रीम घातलं तर रोमन माणूस आज भडकतो ती कार्बोनाराही दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. १९५४ साली इटालियन मासिकात आलेल्या तिच्या पहिल्या कृतीत लसूण आणि स्विस पद्धतीचं ग्रुयेर चीज आहे. परंपरा म्हणून जे आज दामटलं जातं ते पुष्कळदा आजीच्याही आधीचं नसतं. सॉसेज आणि क्रीमच्या पास्त्याला इटलीच्या नावाने हिणवणाऱ्याने एकदा नोर्चाची वाट धरावी.

अधिक गंभीर आक्षेप असा, की साठवलेल्या वेळाचं हे गुणगान कारखान्याच्या पाकिटालाही लागू होतं का? अमेरिकेत १९३७ साली, मंदीच्या काळात, क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीज पावडरीचं खोकं बाजारात आणलं. चार माणसांचं जेवण, एकोणीस सेंट, नऊ मिनिटं. युद्धात रेशनिंग आल्यावर तर ते घराघरांत गेलं. त्यामागचं प्रोसेस्ड चीज आधी स्वित्झर्लंडमध्ये १९११ च्या सुमाराला जमलं, आणि १९१६ मध्ये जेम्स क्राफ्टने त्याच्या स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तयार चीज तापवून, क्षारांच्या मदतीने घोटून, ते न फाटणारं आणि न नासणारं केलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक घरांत चीज म्हणून येतं ते अमूलचं चीजही याच कुळातलं, आणि म्हणूनच ते कढईत कधी दगा देत नाही. माझं मत असं, की इथे वेळ साठवलेला कमी आणि कापलेला जास्त असतो. मुरण्याने येणारी चव वजा करून वितळण्याचा गुण तेवढा ठेवलेला असतो. पण म्हणून त्याला ताटाबाहेर काढायचं कारण नाही. प्रोसेस्ड चीजने गाठी होऊ द्यायच्या नाहीत आणि चवीसाठी वरून चांगलं जुनं चीज चार चमचे किसायचं, ही काटकसर शहाणपणाची आहे. महागडं चीज सगळ्या पास्त्यात ओतणारा माणूस बहुधा स्वतःच्या पैशांनी ते आणत नसावा. आरोग्याच्या बाबतीत मात्र मला सारवासारव करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं, आणि रोज पन्नास ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका अठरा टक्क्यांनी वाढतो असं सांगितलं. त्यातला रोज हा शब्द नजरेआड करू नये, आणि धोकाही करू नये. हे जेवण महिन्यातून एखाद-दुसऱ्या मंगळवारचं असावं, दर मंगळवारचं नव्हे.

खरा अडचणीचा आक्षेप वेगळाच आहे आणि तो माझ्या मुद्द्याच्या पोटातूनच येतो. वेळ दुसऱ्याने भरला म्हणता, तर तो कुणी भरला, आणि वाचला तो कुणाचा? पार्मिजानोसाठी दूध सकाळ-संध्याकाळ काढावं लागतं, त्याला रविवार नाही. पो नदीच्या खोऱ्यात गोठ्यांमधलं हे काम गेली काही दशकं मोठ्या प्रमाणावर पंजाबातून गेलेले शीख करतात. रेज्जो एमिलियाजवळच्या नोवेल्लारा गावात २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला तो त्यांचाच. इटलीची म्हणून मिरवली जाणारी ती परिपक्वता पहाटे चारला उठणाऱ्या जालंधर-होशियारपूरच्या माणसांच्या पाठीवर उभी आहे. ग्राहकाला फळीवरचे बारा महिने दिसतात, कारण ते पाकिटावर छापलेले असतात. पहाट छापलेली नसते. म्हणून साठवलेल्या वेळाचा हिशेब करायचा तर तो महिन्यांत करून भागणार नाही, माणसांत करावा लागेल. उन्हाळी वाळवणांचंही तेच. त्यांचं कौतुक करणारे लेख पुष्कळ निघाले, आणि चीक घोटणाऱ्या हातांना कौतुकाखेरीज काही मिळालं नाही.

वाचलेल्या वेळाचं काय होतं, हा दुसरा अर्धा. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात अमेरिकन घराचा इतिहास लिहून दाखवलं, की यंत्रं आली तसं घरातलं पुरुषांचं आणि मुलांचं काम कमी होत गेलं. बाईचं मात्र तसंच राहिलं, कारण कपडे रोज धुवावेत, जेवणात रोज वेगळं असावं, असे अपेक्षांचे मापदंड सोबत वाढत गेले. झटपट पदार्थांनाही हे लागू आहे. वरण-भात-पोळी-भाजी तशीच ठेवून वर मुलांसाठी पास्ता, असा प्रकार पुष्कळ घरांत चालतो. तिथे वीस मिनिटं वाचत नाहीत, वाढतात. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चौथ्या हिश्श्याएवढे, आणि ते ९७ मिनिटं. या आकड्यांपुढे प्रेम म्हणजे वेळ देणं, रांधण्यात जीव ओतणं, ही भाषा मला थोडी लबाडीची वाटते. ज्याच्याकडून वेळ मागितला जातो त्याच्यावरच प्रेम सिद्ध करण्याची जबाबदारी टाकलेली असते. १९६० साली पेग ब्रॅकन या अमेरिकन लेखिकेने स्वयंपाकाचा कंटाळा येणाऱ्यांसाठीच ‘द आय हेट टू कुक बुक’ लिहिलं आणि ते लाखांनी खपलं. ते घेणाऱ्या बायकांचं घरावर प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू शकेल का? त्यांना फक्त संध्याकाळचा एक तास स्वतःकडे ठेवायचा होता.

या बाबतीत पास्त्याची एक अडचण उपयोगी पडते. त्यातला पास्ता आणि चीज महिनोन् महिने टिकणारं, पण सगळं एकत्र झाल्यावर पदार्थाला दम नाही. गार होऊ लागला की चीज थिजतं, स्टार्च घट्ट होतो, पुन्हा तापवलं की तेल सुटतं आणि सॉसचा चिखल होतो. तो कुणासाठी झाकून ठेवता येत नाही, टप्प्याटप्प्याने वाढता येत नाही. गरम पोळी एकेकाच्या पानात टाकत राहायची आणि करणारीने सगळ्यांच्या मागून, उरलेल्यावर जेवायचं, ही आपली जुनी पंगत या कढईला मानवतच नाही. सगळं एकदम तयार होतं आणि लगेच खावं लागतं, त्यामुळे करणाऱ्यालाही इतरांबरोबर बसण्यावाचून गत्यंतर नसतं. टीव्हीसमोर रेंगाळणाऱ्यांनाही हाकेसरशी यावं लागतं, नाहीतर त्यांच्या वाट्याला लगदा येतो. कढई मात्र लगेच भिजत घालावी, आणि आधी गार पाण्यात, कारण गरम पाण्याने चीजची तार सुटून ती घासणीत अडकून बसते. कृतीच्या वर लिहिलेल्या वीस मिनिटांत हे घासणं कुणीच धरलेलं नसतं. ज्याने परतलं नाही त्याने घासायला घ्यावं.